मदत हवी आहे : मोठ्या वर्गात गटचर्चेची नोंद कशी ठेवावी?

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवते. पन्नासच्या वर मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, बऱ्याच घरांत तेलुगू. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत चिकित्सक विचारावर भर आहे आणि मला तो मनापासून पटतो.

'उजनी धरण भरलं तरी नळाला रोज पाणी का नाही?' हा प्रश्न वर्गाला दिला. तेलुगूत बोलायची मोकळीक मिळताच गटांत जोरात वाद रंगले: जलवाहिनी, गळती, टाक्या, ऊस! पण मांडायची वेळ आली की गटप्रमुखच उठतो, बाकीचे गप्प. पाळी लावून पाहिली, तर मुलं वहीतलं वाचून दाखवतात. लेखी घेतलं, तर अख्ख्या गटाचं उत्तर एकच.

प्रोजेक्टर नाही, जोडतास मिळत नाही. आकारिक मूल्यमापनाचे (म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाचे) नमुने पाहिले, ते लहान वर्गालाच जमतील असे आहेत. मला एवढंच टिपायचं आहे की कारण कोणी दिलं आणि दुसऱ्याचं कारण कोणी तपासून पाहिलं.

चर्चा न थांबवता प्रत्येक मुलाची ही नोंद तुम्ही कशी ठेवता? आणि तेलुगूत नेमकं बोललेलं मराठीत मांडताना मुलांना कोणता आधार देता?