मदत हवी आहे: डेक धुतल्यावर लाकूड काळे पडले, शनिवारी स्टेन लावायचा आहे

स्वच्छ_अंगण (मंगळवार, रात्री)
नमस्कार. न्यू जर्सीत माझा प्रेशर वॉशिंगचा आणि लाकडी डेक (घराबाहेरचा फळ्यांचा ओटा) पूर्ववत करून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. सध्याच्या कामात जुना स्टेन (लाकडाला लावायचा रंगीत संरक्षक लेप) काढून डेक धुतला. ओला असताना तो ठीक दिसत होता, पण वाळल्यावर फळ्या गडद तपकिरी झाल्या आणि त्यांवर जागोजागी काळे ठिपके उमटले. घरमालकांनी उरलेली रक्कम थांबवली आहे. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पाहुणे येणार असल्यामुळे शनिवारी स्टेन लावणे भाग आहे. आणखी दाब वाढवून पुन्हा धुतले तर डाग जातील, की गडद स्टेन लावून ते झाकून टाकावेत? कृपया नेमके उत्तर द्यावे. यंत्र कोणते घ्यावे ही चर्चा नको, माझे यंत्र उत्तम आहे.

सुतारपक्षी (मंगळवार, रात्री)
लाकूड कोणते आहे, स्टेन काढायला कोणते रसायन वापरले आणि डेक किती जुना आहे, यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही. पाइन, सीडर आणि ईपे ही तीन लाकडे एकाच रसायनाला तीन वेगवेगळ्या प्रकारे प्रतिसाद देतात. ही माहिती मिळेपर्यंत कृपया दाब वाढवू नका.

चार_गॅलन (मंगळवार, रात्री)
मी ओहायोत बरीच वर्षे हे काम करतो आहे. काळे ठिपके म्हणजे बुरशी, दुसरे काही नाही. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, पाण्यात पातळ करून फवारा, दहा मिनिटांनी धुऊन टाका, काम संपले. आणि आपण नको म्हणालात तरी सांगतो, यंत्राच्या पीएसआयपेक्षा (पाण्याच्या दाबापेक्षा) ते मिनिटाला किती गॅलन पाणी देते याला अधिक महत्त्व आहे. चार गॅलनचे यंत्र असेल तर कमी दाबातही मळ वाहून जातो.

स्वच्छ_अंगण (बुधवार, सकाळी)
लाकूड सीडर आहे. घर नव्वदच्या दशकातले आहे आणि डेकही त्याच वेळचा. दुकानात मिळणारा नेहमीचा स्ट्रिपर (जुना स्टेन काढणारे रसायन) वापरला. यंत्र ३,००० पीएसआयचे आहे, हिरवे नोझल (झोत २५ अंशांत पसरवणारे) लावले होते. ब्लीच आजच मारू का? हवामान खात्याने गुरुवारी पाऊस सांगितला आहे.

रसायनशाळा (बुधवार, सकाळी)
कृपया ब्लीच मारू नका. आधी डब्यावरचे घटक वाचा. त्यावर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलेले असेल, तर फळ्यांचा गडद रंग हा त्या अल्कलीचा परिणाम आहे. सीडरमध्ये टॅनिन (लाकडातले नैसर्गिक तुरट द्रव्य) भरपूर असते आणि अल्कलीने ते लाकूड हमखास काळवंडते. म्हणूनच स्ट्रिपर धुतल्यावर ऑक्झॅलिक आम्लाचा हात द्यावा लागतो. त्याने उरलेली अल्कली निष्प्रभ होते आणि लाकडाचा उजळ रंग परत येतो. आपण तो हात दिला होता का?
ठिपक्यांबद्दल वाद घालण्यापेक्षा चाचणी करावी. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी १९१० पासून लाकडावरच काम करते आहे, आणि घरगुती ब्लीचच्या एका थेंबाची ही चाचणी तेथील तज्ज्ञही सांगतात. कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर थेंब टाका. दोन मिनिटांत ठिपका फिका झाला तर ती बुरशी. फरक पडला नाही, तर ती जागा पाण्याने स्वच्छ धुऊन शेजारच्या ठिपक्यावर ऑक्झॅलिकचा थेंब टाका. तो ठिपका गेला तर डाग लोखंडाचा. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो.

चार_गॅलन (बुधवार, दुपारी)
मी शेकडो डेक ब्लीचने धुतले आहेत आणि एकाही घरमालकाने तक्रार केलेली नाही. थेंबाथेंबाने चाचण्या करत बसलो तर दिवसाचे काम होणार नाही.

रसायनशाळा (बुधवार, दुपारी)
त्यांतले बहुतेक डेक पाइनचे असावेत. बुरशीवर ब्लीच उपयोगी आहे, ते मी नाकारत नाही. पण तीव्र ब्लीच लाकडातल्या लिग्निनवर (तंतूंना जोडून धरणाऱ्या घटकावर) हल्ला करते, पृष्ठभाग पांढुरका आणि लोकरीसारखा होतो, आणि लोखंडाच्या डागावर त्याचा काहीच उपयोग होत नाही. घरमालक आधीच नाराज असताना निदानाशिवाय तिसरे रसायन ओतणे मला योग्य वाटत नाही.

सुतारपक्षी (बुधवार, दुपारी)
स्वच्छ_अंगण, आणखी दोन प्रश्न आहेत. ठिपके खिळ्यांभोवतीच आहेत की फळीभर विखुरलेले? आणि घासायला कोणता ब्रश वापरला? ३,००० पीएसआय ही झाली यंत्राची क्षमता. सीडरवर प्रत्यक्ष दाब ५०० ते ६०० च्या आसपास असावा आणि नोझल फळीपासून फूटभर तरी दूर. अनलोडर व्हॉल्व्ह (यंत्राचा दाब ठरवणारी झडप) सैल करून दाब उतरवला होता का?

मुळशीकर (बुधवार, रात्री)
माहितीपूर्ण धागा आहे. मुळशीजवळ आमच्या बंगल्याला सागवानी फळ्यांचा ओटा आहे. पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळ येते आणि पाय घसरतो. त्यासाठी प्रेशर वॉशर विकत घ्यावा की भाड्याने आणावा? पुण्यात कोणता ब्रँड चांगला आहे?

स्वच्छ_अंगण (बुधवार, रात्री)
डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइडच आहे. धुतल्यावर दुसरे काही लावले नाही, कारण डब्यावर फक्त भरपूर पाण्याने धुवा असे लिहिले आहे. दाब मोजलेला नाही. खिळ्यांभोवती निळसर काळी वर्तुळे आहेत आणि बारीक ठिपके फळीभर आहेत. जिथे जुना स्टेन निघत नव्हता तिथे मदतनिसाने तारेचा ब्रश वापरला. काही ठिकाणी रेशेही उभे राहिले आहेत. ब्लीचच्या थेंबाने काहीही फरक पडला नाही.

सुतारपक्षी (बुधवार, रात्री)
मग कोडे सुटले. तारेच्या ब्रशमधून पोलादाचे बारीक कण सुटून लाकडात रुतले. लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. खिळ्यांभोवतीची वर्तुळेही त्याच कारणाने आली आहेत, कारण त्यांवरचा जस्ताचा थर इतक्या वर्षांत गेलेला असणार. सीडरवर नायलॉनचा ब्रशच वापरावा.
आता क्रम असा ठेवा. पृष्ठभाग वाळला की ६० ते ८० ग्रिटच्या (जाडसर) सँडपेपर कागदाने फळ्या हलक्या हाताने घासा, म्हणजे उभे रेशेही बसतील आणि रुतलेले कणही बरेचसे निघतील. त्याहून बारीक कागद घेतला तर लाकूड इतके गुळगुळीत होते की स्टेन आत मुरत नाही. वेस्टर्न रेड सीडरच्या धुळीने दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून दोघांनीही चांगला मास्क लावा. त्यानंतरच ऑक्झॅलिक लावा. आधी आम्ल लावले आणि कण आतच राहिले, तर पहिल्या पावसात डाग परत येतील.

रसायनशाळा (गुरुवार, सकाळी)
क्रमाशी सहमत. एक गॅलन कोमट पाण्यात साधारण चार औंस ऑक्झॅलिकचे स्फटिक विरघळवा, ओल्या लाकडावर पसरवा, पंधरा ते वीस मिनिटे वाळू न देता ठेवा आणि मग कमी दाबाने भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत. कडेची झाडे आधी आणि नंतरही पाण्याने भिजवावीत.
गडद स्टेनने झाकण्याचा विचार सोडावा असे मला मनापासून वाटते. लाकडात अल्कली उरली असेल तर वरचा स्टेन नीट धरत नाही, आणि तो सोलवटू लागला की सगळे काम पुन्हा आपल्याच अंगावर येईल.

एडिसनकर (गुरुवार, सकाळी)
एक वेगळी, पण पैशांशी संबंधित गोष्ट सांगतो. न्यू जर्सीत ५०० डॉलरपेक्षा मोठ्या गृहसुधारणेच्या कामाचा करार लेखी लागतो आणि त्यात पुढे केलेला बदलही लेखी, दोन्ही पक्षांच्या सहीने. घासणे, खिळे बदलणे, तारीख पुढे ढकलणे हे सगळे कागदावर घ्या. व्यवसायाच्या दायित्व विम्याच्या भरवशावरही राहू नका. आपल्या पाण्याने खिडकी फुटली तर तो विमा उपयोगी पडतो, पण ज्या फळ्यांवर आपण काम करत होतो त्याच खराब झाल्या, तर ते नुकसान बहुधा त्यात येत नाही.

सुतारपक्षी (गुरुवार, सकाळी)
घर नव्वदच्या दशकातले म्हणता, तर फळ्या सीडरच्या असल्या तरी खांब, कठडा आणि खालचे वासे कशाचे आहेत ते पाहिले का? त्या काळी ते सहसा दाबाने संरक्षक रसायने मुरवलेल्या पाइनचे असत आणि त्या लाकडात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक असे. घरगुती वापराच्या लाकडात हे मिश्रण मुरवणे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस थांबले. असे लाकूड असेल तर कठड्याला सँडर लावू नका, दाबाने धुऊ नका आणि त्यावर ही रसायनेही टाकू नका. कापडाने झाकून ठेवा.

स्वच्छ_अंगण (गुरुवार, दुपारी)
खांब आणि कठडा हिरवट झाक असलेल्या पाइनचेच आहेत. कठडा कराराबाहेर होता, पण घरमालक आता त्यालाही स्टेन मागत आहेत. न घासता त्यावर स्टेन लावता येईल का? सकाळी फळीच्या एका टोकावर घासून ऑक्झॅलिक लावले. रंग सोन्यासारखा उजळला आणि ठिपके गेले. खिळ्यांभोवती मात्र पुसट वर्तुळ अजून आहे.

सुतारपक्षी (गुरुवार, दुपारी)
जुना थर सोलवटलेला नसेल तर साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने पुसून, वाळवून, आत मुरणारा तेलकट स्टेन लावता येतो. त्याने रसायनांचे झिरपणेही कमी होते. या कामाची रक्कम वेगळी लावा. वर्तुळे मात्र खिळे काढल्याशिवाय कायमची जाणार नाहीत. गंजलेले खिळे उपटून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावावेत. घरमालकांना तो खर्च नको असेल तर वर्तुळे परत येतील हे करारात लिहून द्या.

चार_गॅलन (गुरुवार, रात्री)
सीडरचे काम माझ्याकडे फारसे येत नाही, त्यामुळे ऑक्झॅलिकचा निकाल वाचून समाधान वाटले. शनिवारी स्टेन लावण्याआधी ओलावा मात्र नक्की मोजा. पिनचे मीटर फार महाग नसते.

स्वच्छ_अंगण (शुक्रवार, संध्याकाळी)
गुरुवारचा पाऊस दुपारनंतर आला. आज संपूर्ण डेक घासून, ऑक्झॅलिक लावून धुतला. आताच मीटरने मोजले, बऱ्याच ठिकाणी २२ टक्के दाखवत आहे. उद्या सकाळी मोठे पंखे लावून दुपारी स्टेन लावता येईल का? पाहुणे बुधवारी येत आहेत.

रसायनशाळा (शुक्रवार, रात्री)
नाही. आकडा १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय डबा उघडू नये. पंख्यांनी वरचा थर वाळेल आणि आतले पाणी नंतर स्टेनला बाहेर ढकलेल. त्यापेक्षा घरमालकांना उजळलेला डेक प्रत्यक्ष दाखवा. स्वच्छ, उघड्या सीडरवर पाहुणे बसू शकतात, ओल्या स्टेनवर बसू शकत नाहीत.

स्वच्छ_अंगण (शनिवार, दुपारी)
घरमालक येऊन पाहून गेले. स्टेन पाहुणे गेल्यानंतरच्या आठवड्यात लावायचा, खिळे फक्त पायऱ्यांवरचे आणि दाराजवळचे बदलायचे आणि कठड्याची रक्कम वेगळी, असे लेखी ठरले. थांबवलेल्या रकमेपैकी अर्धी आज दिली. स्टेन तेलाचा आहे. एकच हात पुरेल ना?

सुतारपक्षी (शनिवार, संध्याकाळी)
लाकूड शोषेल तेवढाच लावा, सीडरला बहुधा एक हात पुरतो. पंधरा मिनिटांनी वर साचलेला भाग कापडाने पुसून घ्या, नाहीतर तो चिकट राहतो. ती कापडे गोळा करून गाडीत टाकू नका, तेल वाळताना आपोआप पेट घेते. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा.
मुळशीकर, शेवाळासाठी यंत्र विकत घेण्याची गरज नाही. आपण वेगळा धागा काढा, तिथे सागाबद्दल सविस्तर लिहितो.