रंग नंतर, आधी पाणी कुठून येतंय ते बघा

भिंतीवर ओलीचा डाग पडून रंगाचे पोपडे सुटतायत, काय करू, या प्रश्नावर वर दोघा-तिघांनी पोपडे खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी मारायला सांगितलंय. मला नाही पटलं. मागून पाणी येतंय तोवर रंग कितीही भारी लावा, फुगून सुटणारच.

डाग जमिनीलगत, साधारण मीटरभर उंचीपर्यंतच असेल आणि पांढरा क्षार फुलत असेल, तर ओल पायातून चढत असण्याची शक्यता जास्त. पावसातच वाढत असेल तर बाहेरच्या भेगा, खिडकीची चौकट, गच्ची. बारा महिने सारखाच? मग नळाची लाइन. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा, तरीही फिरत असेल तर पुढे कुठेतरी गळती आहेच.

बाथरूमच्या लादीतून झिरपणारं पाणी मात्र मीटरवर दिसत नाही. त्यासाठी जाळीच्या तोंडात घट्ट बोळा कोंबून बोटभर पाणी साठवा, पातळीला पेन्सिलची खूण करा आणि 24 तास बाथरूम वापरू नका. (घरच्यांना आधी सांगा!) पातळी बरीच उतरली आणि डागही पसरला, तर चोर सापडला.

डागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवून बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल आतली. खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ, तिथे एक्झॉस्ट फॅनने भागतं.

आणि स्लॅबमध्ये पाणी वायरिंगच्या पाइपातून लांबवर जातं, त्यामुळे डागाच्या बरोबर वरची लादी लगेच फोडू नका.