मेनूवर क्लिक केल्यावर पूर्ण पान रीलोड न होता फक्त मधला मजकूर कसा बदलायचा?

कंसमोजणी (प्रश्न)

साइटवर चार पानं आहेत: मुख्यपान, आमच्याविषयी, सेवा आणि संपर्क. चारही वेगळ्या एचटीएमएल फाइल. वरचा मेनू आणि तळाची पट्टी सगळीकडे सारखी, फरक फक्त मेन टॅगच्या आतल्या मजकुरात. मेनूतल्या लिंकवर क्लिक झालं की तेवढाच भाग बदलायला हवा. फ्रेमवर्क नको, साधं जावास्क्रिप्ट.

सध्याचा कोड असा: मेनूतल्या प्रत्येक लिंकला क्लिकचा लिसनर, त्यात प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरने स्वतः लिंक उघडू नये म्हणून), मग लिंकच्या एचरेफवर फेच (फाइल मागवणारं फंक्शन) आणि आलेला टेक्स्ट मेनच्या इनरएचटीएमएलमध्ये. मजकूर बदलतो, पण:

१. मेनू दोनदा दिसतो, एक वर आणि एक मेनच्या आत.
२. ॲड्रेस बारमध्ये मुख्यपानाचाच पत्ता राहतो. बॅक दाबलं की थेट साइटच्या बाहेर.
३. संपर्क पानावरच्या फॉर्मची तपासणी त्याच पानातल्या स्क्रिप्टमध्ये आहे. पान थेट उघडलं तर चालते, मेनूतून आलं तर नाही. कन्सोलमध्ये एररही नाही.

शिवाय फाइल डबल-क्लिक करून उघडली तर फेच मुळातच फसतो. लोकल सर्व्हरवर ठीक. ते का?

टॅगवेडा

शेवटचं आधी. डबल-क्लिकने उघडलेल्या पानाचा पत्ता एचटीटीपीने नाही, तर फाइलने सुरू होतो. अशा पानाला ब्राउझर कुठलाच ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणारी साइटची ओळख) देत नाही, त्यामुळे शेजारची फाइलही त्याच्या लेखी परकी ठरते आणि फेच अडवला जातो. लोकल सर्व्हर वापरताय तेच बरोबर, तिथे काही दुरुस्त करायचं नाही.

मेनू दोनदा येतो कारण तुम्ही अख्खी फाइल आणून मेनमध्ये ओतताय. इनरएचटीएमएल देताना एचटीएमएल, हेड, बॉडी हे टॅग पार्सर (एचटीएमएल वाचून टॅग ओळखणारा भाग) गाळून टाकतो, पण त्यांच्या आतलं सगळं ठेवतो. म्हणजे मेनूचा नॅव्ह टॅग येतो, आणि न दिसणारं बरंच काहीही येतं: टायटल टॅग, सीएसएसच्या लिंक, सगळं मेनच्या पोटात. इन्स्पेक्टर उघडून मेनवर नजर टाका, दिसेल. काही लोक यावर उपाय म्हणून नुसत्या मजकुराच्या वेगळ्या फाइल करतात. तसं करू नका. त्या फाइलचा पत्ता कोणी थेट उघडला तर ना मेनू, ना सीएसएस, नुसता उघडा मजकूर. चार पानं पूर्ण आहेत तशीच राहू द्या आणि आणल्यावर त्यातून हवा तो तुकडा काढा. आलेला टेक्स्ट डीओएमपार्सरच्या पार्सफ्रॉमस्ट्रिंगला द्या, प्रकार टेक्स्ट-स्लॅश-एचटीएमएल. जे डॉक्युमेंट मिळेल त्यातून क्वेरीसिलेक्टरने मेन उचला आणि चालू पानातल्या मेनवर रिप्लेसविथ करा. त्याच डॉक्युमेंटचं टायटल चालू पानाच्या टायटलला द्या, नाहीतर टॅबवर आणि हिस्टरीच्या यादीत चारही पानांचं एकच नाव दिसतं.

(नावं इथे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये लहान-मोठी अक्षरं सांभाळा. पुशस्टेटमधला एस कॅपिटल, पॉपस्टेट या इव्हेंटमधला मात्र लहान. यात तास जातात.)

आता पत्ता आणि बॅक. यासाठी हिस्टरी-डॉट-पुशस्टेट. तीन आर्ग्युमेंट: स्टेट, रिकामी स्ट्रिंग, नवा पत्ता. मधलं आर्ग्युमेंट कशालाच उपयोगी नाही, पण ते गाळता येत नाही. पुशस्टेट फक्त पत्ता बदलतो आणि इतिहासात नोंद करतो, मजकूर आणत नाही. बॅक किंवा फॉरवर्ड दाबल्यावर विंडोवर पॉपस्टेट येतो, तेव्हा मजकूर आणायचं काम तुमचं.

इथे नेहमीची चूक म्हणजे क्लिकचंच फंक्शन पॉपस्टेटलाही जोडणं. मग बॅक दाबलं की ते फंक्शन पुन्हा पुशस्टेट करतं, फॉरवर्डचा रस्ता पुसला जातो आणि वापरणारा दोन पानांत अडकतो. म्हणून एकच फंक्शन, दोन आर्ग्युमेंट: पत्ता, आणि नोंद करायची की नाही. क्लिकवरून बोलावताना ट्रू, पॉपस्टेटवरून फॉल्स.

क्रमही महत्त्वाचा. आधी फेच, मग पुशस्टेट, त्यानंतर मेनची अदलाबदल. चित्रांचे सापेक्ष पत्ते (स्लॅश किंवा एचटीटीपीने सुरू न होणारे) पानाच्या चालू पत्त्यावरून सोडवले जातात. सेवा पान वेगळ्या फोल्डरमध्ये असेल आणि पत्ता बदलण्याआधी तुम्ही मजकूर टाकलात, तर ब्राउझर चित्रं जुन्या फोल्डरमध्ये शोधतो. मेनूच्या लिंकचंही तसंच: पत्ता बदलला की त्याच सापेक्ष एचरेफचा अर्थ बदलतो. मेनूतले सगळे पत्ते स्लॅशने सुरू करा, विषय संपला.

फेचबद्दल दोन गोष्टी. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तरी फेच फसत नाही. प्रॉमिस (फेच लगेच परत देतो ते, नंतर येणाऱ्या उत्तराचं वचन) व्यवस्थित पूर्ण होतं आणि एररचं पान तुमच्या मेनमध्ये बसतं. रिस्पॉन्सचं ओके तपासा, ते फॉल्स असेल तर एरर फेका. आणि कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) संदेश वगैरे दाखवत बसू नका, सरळ लोकेशन-डॉट-एचरेफला तो पत्ता द्या. ब्राउझर नेहमीसारखं पान उघडेल, सर्व्हरचं खरं एररपानही तोच दाखवेल.

दुसरी गोष्ट घाईच्या क्लिकची. सेवा दाबलं, लगेच संपर्क दाबलं. सेवाचं उत्तर उशिरा आलं तर शेवटी दाबलेल्या संपर्कऐवजी सेवाच समोर राहतं. प्रत्येक मागणीला नवा ॲबॉर्टकंट्रोलर (मागणी मध्येच रद्द करायची सोय) करा, त्याचा सिग्नल फेचला द्या आणि नवी मागणी निघताना आधीच्याला ॲबॉर्ट करा. रद्द झालेली मागणी कॅचमध्ये ॲबॉर्टएरर या नावाने येते. तिथे काही न करता परत फिरा, नाहीतर वरचा पूर्ण रीलोड उगाच होईल.

तिसरी तक्रार. इनरएचटीएमएलने किंवा डीओएमपार्सरमधून आलेले स्क्रिप्ट टॅग चालत नाहीत, स्टँडर्डमध्येच तसं आहे. म्हणून एरर दिसत नाही. नवा स्क्रिप्ट टॅग बनवून तोच कोड पुन्हा चालवण्याची युक्ती बरीच सुचवली जाते. दुसऱ्यांदा त्याच पानावर आलं की वरच्या पातळीवरचा कॉन्स्ट पुन्हा जाहीर होतो आणि सिंटॅक्सएरर येते. तसंच, तपासणी डीओएमकंटेंटलोडेडमध्ये (पान वाचून झाल्यावर एकदाच येणारा इव्हेंट) गुंडाळलेली असेल तर तो इव्हेंट पुन्हा येतच नाही.

त्यापेक्षा सगळा कोड चारही पानांना जोडलेल्या एकाच फाइलमध्ये न्या. फॉर्मसाठी सबमिटचा लिसनर डॉक्युमेंटवर एकदाच लावा आणि आत बघा, इव्हेंटचं टार्गेट संपर्काचा फॉर्म आहे का. सबमिट आतल्या टॅगकडून बाहेरच्या टॅगकडे, थेट डॉक्युमेंटपर्यंत बुडबुडत येतो, त्यामुळे फॉर्म नंतर आला तरी पकडला जातो. फॉर्म पानात येईल तेव्हा दरवेळी लिसनर डॉक्युमेंटवर लावलात तर तिसऱ्या भेटीत एका सबमिटला तीन निरोप जातात.

क्लिकचंही तसंच करा: डॉक्युमेंटवर एक लिसनर, टार्गेटवर क्लोजेस्ट वापरून जवळचा ए टॅग. क्लोजेस्ट हवाच, कारण लिंकच्या आत आयकॉन असेल तर टार्गेट तो आयकॉन असतो. मग प्रिव्हेंटडिफॉल्टच्या आधी चाळण: कंट्रोल, मेटा, शिफ्ट किंवा आल्ट दाबलेली असेल, माउसचं बटन शून्य (म्हणजे मुख्य, डावं) नसेल, लिंकला टार्गेट किंवा डाउनलोड असेल, ओरिजिन दुसरा असेल, तर रिटर्न. कंट्रोल-क्लिकने नवीन टॅब उघडू न देणारी साइट लोक दुसऱ्यांदा उघडत नाहीत.

अर्धविराम

वरचं सगळं बरोबर. फक्त पॉपस्टेटमध्ये एक अट राहिली. पानातल्या पानात नेणाऱ्या हॅशच्या लिंकवरही पॉपस्टेट येतो. पाथनेम आणि सर्च (पत्त्यातला प्रश्नचिन्हापासूनचा भाग) तेच असून फक्त हॅश बदलला असेल तर फेच करू नका. वर-खाली जाण्याच्या लिंकवर अख्खा मेन बदलून उडी फसते. क्लिकच्या चाळणीतही हीच अट घाला.

आणि पान रीलोड होताना ब्राउझर जी कामं न सांगता करतो, ती आता तुमच्या अंगावर आली आहेत. स्क्रोल: लांब पानाच्या तळाशी असताना क्लिक केलं तर नवं पानही तळापासून दिसतं. क्लिकवरून आलेल्या बदलानंतर स्क्रोलटू शून्य, शून्य. बॅकवर मात्र करू नका, तिथे माणसाला जुनी जागा हवी असते.

फोकस: स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने लिंक दाबली, त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नाही. नव्या मेनमधल्या एच-वनला टॅबइंडेक्स उणे एक द्या आणि त्यावर फोकस न्या, म्हणजे शीर्षक वाचलं जातं. उणे एकमुळे टॅब की दाबत जाणाऱ्याला ते मध्ये येत नाही.

मेनूतल्या चालू लिंकला आरिया-करंट, किंमत पेज. आधीच्या लिंकवरून ते काढायला विसरू नका. सीएसएसमध्ये ॲक्टिव्ह नावाचा वेगळा क्लास ठेवण्यापेक्षा याच ॲट्रिब्यूटवर रंग लावा. एकाच गोष्टीच्या दोन खुणा ठेवल्या की कधीतरी एक मागे राहते.

गोल फिरणारं चक्र लावणार असाल तर २०० मिलिसेकंद थांबून दाखवा. उत्तर त्याआधी आलं तर चक्र दिसायलाच नको. लुकलुकणारं चक्र पान मंद असल्याचा भास करून देतं.

शून्यस्क्रिप्ट

विरोधी मत. चार पानांच्या साइटला हे सगळं कशासाठी? वरचे दोन प्रतिसाद पुन्हा वाचा: पत्ता, बॅक, स्क्रोल, फोकस, टायटल, रद्द मागण्या. साधी लिंक यातलं प्रत्येक काम फुकट करते. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट कॅशमध्ये असतं, त्यामुळे दुसऱ्या पानाला फक्त काही किलोबाइट एचटीएमएल येतं.

पान बदलताना होणारी पांढरी झाप खटकत असेल तर चारही पानांच्या सीएसएसमध्ये ॲट-व्ह्यू-ट्रान्झिशन हा नियम घाला आणि त्यात नॅव्हिगेशनची किंमत ऑटो. एकाच ओरिजिनच्या दोन पानांमध्ये जुनं विरत नवं उमटतं, जावास्क्रिप्टची एकही ओळ नाही. क्रोममध्ये हे २०२४ साली १२६व्या आवृत्तीत आलं, सफारीत १८.२ मध्ये. जो ब्राउझर ओळखत नाही तो नियम सोडून देतो आणि पान नेहमीसारखं उघडतो. मेनू जागचा हलू नये असं वाटत असेल तर त्याला स्वतंत्र व्ह्यू-ट्रान्झिशन-नेम द्या.

मजकूर अगदीच थोडा असेल तर चारही भाग एकाच फाइलमध्ये ठेवून हिडन ॲट्रिब्यूटने लपवता येतात. त्यात फसगत ठरलेली: भागाला सीएसएसमध्ये डिस्प्ले फ्लेक्स दिलेला असला की हिडन निष्प्रभ होतो, कारण तुमचा नियम ब्राउझरच्या नियमावर मात करतो. हिडन असलेल्याला डिस्प्ले नन, इम्पॉर्टंटसकट, असा एक नियम लिहावा लागतो.

पान बदललं तरी चालू राहणारं काही असेल, म्हणजे ऑडिओ प्लेअर किंवा अर्धवट लिहिलेली चॅटची खिडकी, तरच फेचचा रस्ता धरा. तिथे साधी लिंक पुरत नाही.

कंसमोजणी

तळाच्या पट्टीत ऑडिओ प्लेअर आहे, म्हणूनच रीलोड नको होता. प्रश्नात ते लिहायला हवं होतं.

टॅगवेडा यांच्या पद्धतीने मेनू, पत्ता, बॅक आणि फॉर्म चालू झाले. पॉपस्टेटची हॅशची अटही घातली. एक विचित्र उरलंय: तीन पानं नीट बदलतात, पण सेवावर क्लिक केलं की पूर्ण रीलोड होतो आणि ऑडिओ तुटतो. पान दिसतं व्यवस्थित. नेटवर्क टॅबमध्ये फेचला २०० आहे. कॅचमध्ये एरर छापली तर मेन नल असल्याचं येतं, पण फाइलमध्ये मेन टॅग आहे, पुन्हा पुन्हा पाहिलं.

टॅगवेडा

आलेला टेक्स्ट पार्सरला देण्याआधी कन्सोलमध्ये छापा. सुरुवातीला चौकटीतली दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे प्रत्येक अक्षरामागे एक रिकामा चौकोन किंवा फट दिसते का?

कंसमोजणी

हो, अगदी तसंच.

टॅगवेडा

ती एक फाइल यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) सेव्ह झाली आहे. थेट उघडल्यावर ब्राउझर फाइलच्या तोंडाशी असलेल्या दोन बाइटच्या खुणेवरून एन्कोडिंग ओळखतो आणि पान नीट दाखवतो. रिस्पॉन्सचं टेक्स्ट ही मेथड मात्र काहीही असलं तरी यूटीएफ-८ समजूनच वाचते. मेटा कॅरसेट किंवा सर्व्हरचा हेडर ती बघत नाही. त्यामुळे कोन-कंसानंतर लगेच शून्य बाइट येतो, पार्सरला तो टॅग वाटत नाही, सगळी फाइल साधा मजकूर ठरते आणि मेन सापडत नाही. मग तुमचा कॅच सांगितल्याप्रमाणे पूर्ण पान उघडतो.

एडिटरमध्ये फाइल उघडा, सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. मेटा कॅरसेटमध्येही तेच हवं, आणि ती ओळ हेडमध्ये सगळ्यात वर, पहिल्या १०२४ बाइटच्या आत. मग कडक रीलोड करून पुन्हा क्लिक करा, नाहीतर कॅशमधली जुनीच फाइल येईल.

कंसमोजणी

झालं. ऑडिओ चारही पानांवर अखंड वाजतो.