मदत हवी आहे: थंडीत सकाळी डिझेल गाडी पकडत नाही, हिटर प्लग की इंजेक्टर?

राम राम मंडळी. आम्ही निफाडकडचे. सध्या पहाटे पारा ५-६ अंशांवर येतोय, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागताहेत आणि नेमकी आत्ताच गाडी रुसलीय.

गाडी २०१४ची, चार सिलेंडर, कॉमन रेल डिझेल (एकाच हाय-प्रेशर नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं; इंजेक्टर ते सिलेंडरमध्ये फवारतात). रनिंग दीड लाखाच्या पुढे. सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, डोळ्यांना झोंबणारा. बराच सेल्फ खाल्ल्यावर एखादा सिलेंडर लागतो, गाडी थडथडते आणि मिनिटभरात सगळं सुरळीत. दिवसभर उन्हात उभी असेल तर अर्ध्या सेल्फमध्ये चालू.

डिझेल फिल्टर नवीन टाकलाय. चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा हिटरचा कॉइलसारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबतो, परत ऑफ-ऑन करतो, फरक शून्य. मग हिटर प्लगच्या (थंडीत सिलेंडर आतून तापवणारे प्लग, प्रत्येक सिलेंडरला एक) वायरी काढून मल्टिमीटर लावला. दोन प्लग एक ओहमच्या आत, दोन सरळ ओपन, आतली तार तुटलेली. म्हणजे दोन गेलेत.

पण गॅरेजवाले म्हणतात, एवढ्या थंडीत कॉमन रेल गाडी हिटरशिवायही चालू व्हायला हवी. इंजेक्टर काढून डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. वर हिटर प्लग खोलायला तेच घाबरतात, इंजिनच्या हेडमध्ये (सिलेंडरवरच्या भागात) तुटला तर काय म्हणून. एक शेजारी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा म्हणतोय. इंजेक्टरवर पैसे घालण्याआधी घरी अजून काय तपासता येईल?

प्रतिसाद १
स्प्रे अजिबात मारू नका. त्यात इथर असतं, चालू हिटरवर ते आतल्या आत भडकतं, पिस्टनची वाट लागते.

तुमच्या पांढऱ्या धुरातच बरंचसं उत्तर आहे. रेलमध्ये प्रेशर झालं नाही तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, मग धूर कुठून येणार? डिझेल आत जातंय, पेटत नाहीये. आणि इंजेक्टर झिजून टाकीकडे परत जाणाऱ्या रिटर्न पाइपात जास्त डिझेल सोडत असते तर इंजिन गरम असताना अजून त्रास झाला असता, कारण गरम डिझेल पातळ होतं. पाइपात हवा धरत असती तर दुपारीही तेच झालं असतं.

गॅरेजवाले अगदीच चूक नाहीत. ५ अंशांना धडधाकट इंजिन बऱ्याचदा हिटरशिवाय पकडतं, पण सेल्फ जोरात फिरला तर. पहाटे सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरा. साडेनऊच्या खाली व्होल्ट जात असतील तर बॅटरी किंवा अर्थिंग बघा. दोन्ही ठीक निघालं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का, ते तपासा.

प्रतिसाद २
प्लग गार इंजिनवर खोलू नका. आदल्या संध्याकाळी मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी गाडी चांगली फिरवून आणा आणि इंजिन गरम असतानाच हात घाला. किंचित सैल, किंचित घट्ट, असं करत काढा. अडला तर जोर लावायचा नाही, परत तेल आणि उद्या. चारही एकदम बदला. नवे बसवताना टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) हवाच.

धागाकर्ता
आज पहाटे मीटर धरला. सेल्फ मारताना ८.८! टर्मिनल घासून, अर्थची पट्टी साफ करूनही ९च्या वर जात नाही. बॅटरी पाच वर्षांची झालीय. आधी ती बदलतो, प्लगला आजच तेल सोडलंय. इंजेक्टर तूर्तास जागेवरच.