सॉफ्टनरच्या टाकीतलं मीठ कमीच होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वाघोलीच्या बाजूला आमचं रो हाऊस आहे, पाणी सगळं बोअरचं. हार्डनेस (पाण्याचा जडपणा) तपासला तेव्हा लिटरला ६०० मिलिग्रॅम निघाला म्हणून दीड वर्षापूर्वी अख्ख्या घराला सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं मशीन) बसवला, २५ लिटर रेझिनचा (पाण्यातले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी), ऑटोमॅटिक व्हॉल्व्हवाला. आम्ही चौघं, २५ किलोची मिठाची गोण साधारण महिनाभर पुरायची.

गणपतीला गावी जायच्या आधी टाकी काठोकाठ भरली, मिठाच्या टॅब्लेट मिळाल्या नाहीत म्हणून वाण्याकडचं खडेमीठ टाकलं. गावाहून येऊन महिना झाला तरी मीठ जिथल्या तिथे, बोटभरही खाली गेलं नाही. आणि पाणी पुन्हा पहिल्यासारखं झालंय, साबणाला फेस नाही, नळांवर पांढरे क्षार, तूरडाळ चार शिट्ट्या झाल्या तरी टणक राहते. गीझर गेल्याच वर्षी नवीन घेतलाय त्याची फार काळजी वाटते. बसवणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले मीठ आहे ना टाकीत, मग मशीन ठीक आहे. हाताने दोनदा रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन धुणं) लावून बघितलं, आवाज येतो, ड्रेनमधून पाणीही जातं, पण मीठ तेवढंच. काय बघू?

अजून एक, सासऱ्यांना बीपी आहे. प्यायला आरओ आहे पण स्वयंपाक नळाच्या पाण्यात होतो, ते चालेल का?

प्रतिसाद
ताई, वरून मीठ दिसतंय म्हणजे खाली आहेच असं नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, मिठाचा वरचा थर दगडासारखा धरतो आणि खाली पोकळी होते. पाणी त्या पोकळीत येतं नि मिठाला न लागताच परत जातं, मग रेझिन धुतलं जातं ते साध्या पाण्याने. झाडूचा लाकडी दांडा कडेकडेने हळू खाली घाला, पहार वगैरे नको, आतला पाइप फुटेल. थर मोडला की दोन-तीन तास थांबा, मीठ विरघळू दे, १ लिटर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम विरघळतं. मग रिजनरेशन लावा आणि मधल्या टप्प्यात ड्रेनचं पाणी खारट लागतं का बघा. खारट नसेल आणि मिठाच्या टाकीतलं पाणीही उतरत नसेल तर इंजेक्टर (टाकीतलं मीठपाणी ओढणारा भाग) चोक आहे, तो काढून साफ करावा लागेल.

प्रतिसाद
खडेमिठात माती असते ती तळाला बसते आणि पुढे इंजेक्टरमध्ये जाते, टॅब्लेटच वापरा. बारीक आयोडीनचं मीठ तर अजिबात नको, त्याचा चिखल होतो. टाकी अर्धीच भरायची, फक्त मीठ पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. आणि सासऱ्यांचं म्हणाल तर १०० मिलिग्रॅम हार्डनेस काढला की पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, तुमच्याकडे लिटरला पावणेतीनशेच्या आसपास होईल. डॉक्टरांना हा आकडा सांगा, तोवर डाळ-भाताला आरओचंच पाणी घ्या.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे! दांडा वीतभर जाऊन अडकला, चारी बाजूंनी टोचत राहिले तर धप्पकन सगळं खाली बसलं, आत हातभर पोकळी होती. तीन तासांनी रिजनरेशन लावलं, ड्रेनचं पाणी जिभेला लावून बघितलं, खारट! रात्री परत एकदा लावलं, आज सकाळी केस धुताना फेस झाला. तळाला दोन बोटं गाळ दिसतोय, तो काढायला टाकी रिकामी करते रविवारी. ते पाणी मागच्या कढीपत्त्याला घातलं तर चालेल?

प्रतिसाद
नको नको, झाड जळेल. ड्रेनेजमध्येच सोडा, आणि टाकी धुताना फ्लोटही (पाण्याची पातळी राखणारा तरंगता भाग) काढून धुवा, गाळ त्यातही अडकतो.