मदत हवी आहे: मनोविकारतज्ज्ञ दवाखाना बंद करताहेत

कोरांटी:
माझे डॉक्टर महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. माझं डोकं चालेनासं झालंय. बोलताना मी अडले की ते पेन खाली ठेवून थांबायचे, घाई नाही. घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं की माझी झोप कमी झालीय, म्हणजे पुढे काय होणार. आता नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं? चांगलं नाव लवकर सुचवा.

रानवारा:
शहर? गोळ्या कोणत्या?

कोरांटी:
ठाणे. गोळ्या नेहमीच्याच.

शंतनू_प:
नेहमीच्या म्हणजे? झोपेच्या की लिथियम?

कोरांटी:
लिथियम. बायपोलर. मला नाव हवंय, चौकशी नको.

रानवारा:
ताई, नावाआधी हे बघा. माझा भाऊ लिथियमवरच आहे. मध्ये खंड पडू देऊ नका, एकदम थांबवलं तर आजार उलटतो. फाइल मागून घ्या, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे. लिथियम लेव्हल, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनिनचे (किडनीची तपासणी) जुने रिपोर्टही घ्या. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं.

मुक्ता:
इगतपुरीला विपश्यना करा. माझ्या जावेच्या गोळ्या सुटल्या.

शंतनू_प:
मुक्ताताई, कृपा करून असं सुचवू नका. शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराबद्दल विचारतात.
कोरांटी, सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी धरा. स्वस्त, आणि तपासण्या तिथेच.

रानवारा:
तिथे दर वेळी वेगळा निवासी डॉक्टर भेटतो. यांना एकच माणूस हवाय, कळत नाही का?

शंतनू_प:
सगळ्यांना खासगी फी परवडते का?

देशपांडेकाका:
गुडघ्यासाठी मी आयब्युप्रोफेन घेतो, चालेल ना?

रानवारा:
काका, तुम्ही लिथियमवर नसाल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. लिथियमसोबत घेतली तर रक्तातली लिथियमची पातळी वाढते. कोरांटी, तुम्हीही लक्षात ठेवा. आणि नाव आम्हाला कशाला विचारता? तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ते स्वतः कोणाकडे गेले असते. कोणती औषधं लागू पडली नाहीत आणि बिघडायला लागलं की आधी काय दिसतं, एवढं चिठ्ठीत लिहून घ्या.

कोरांटी:
विचारलं. दोन नावं दिली आणि म्हणाले, पहिल्या भेटीआधी मी फोन करून ठेवतो. एक मुलुंडला आहेत, संध्याकाळी बसतात. पण नाही पटलं तर लगेच बदलता येतं का?

मुक्ता:
सायनला मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते?