काचेवरील अक्षरांना सोन्याचा वर्ख आणि पार्श्वभूमीला पारा : आधी काय करावे?

प्रश्न — उलटी_अक्षरे

काचेच्या मागच्या बाजूने उलटी अक्षरे काढून रंगवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्यामुळे रेखाटन, टोचलेल्या कागदावर खडूच्या पुडीची पुरचुंडी थोपटून काचेवर ठिपके उतरवणे आणि हात न कापता लांब रेघ ओढणे यांत मला अडचण येत नाही. अडचण सोन्याच्या वर्खाची आहे. 40 × 60 सेंटिमीटरच्या साध्या काचेवर मी प्रथमच 23 कॅरटचा सुटा वर्ख जिलेटिनच्या पाण्याने लावला. वर्ख लागला, वाळला, पण समोरून पाहिले तर सोन्यावर दुधाची साय धरल्यासारखे दिसते. झळाळी नाही, आणि मध्ये मध्ये मोहरीएवढे फिके डाग आहेत. पुढे अक्षरांमागे काळा तैलरंग भरला, दुसऱ्या दिवशी जादा वर्ख ओल्या कापसाने पुसायला घेतला, तेव्हा दोन अक्षरांच्या कडा रंगासकट पापुद्र्यासारख्या सुटून आल्या.

दुसरी शंका पुढच्या टप्प्याची आहे. अक्षरे सोन्याची आणि त्यांच्या भोवतीची सगळी पार्श्वभूमी आरशासारखी, अशी पाटी मला करायची आहे. आरशाचा थर रासायनिक पद्धतीने चढवण्याचा विचार आहे. तो वर्खाच्या आधी चढवावा की नंतर? दोन्ही बाजूंनी सांगणारे लोक भेटले, परंतु कारण कोणी सांगितले नाही.

उत्तर — काच_कारागीर

सायीसारखा थर आणि सुटलेल्या कडा या दोन वेगळ्या चुका आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगळा करू.

सायीचे मूळ बहुतेक वेळा जिलेटिनच्या पाण्यात असते. सर्वसाधारण प्रमाण म्हणजे औषधाची ‘00’ आकाराची एक रिकामी जिलेटिन कॅप्सूल आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. अशा कॅप्सूलचे वजन सुमारे 0.12 ग्रॅम असते, म्हणजे हे पाणी किती पातळ असायला हवे याचा अंदाज येईल. बोटाला चिकट लागले तर ते वर्खासाठी निकामी आहे, असे खुशाल समजावे. आपण कोणती कॅप्सूल वापरली हे लिहिलेले नाही, आणि मला संशय तिचाच आहे. पांढऱ्या किंवा रंगीत अपारदर्शक कॅप्सूलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असते. ती पांढरी पूड विरघळत नाही, ती काच आणि सोने यांच्यामध्ये जाऊन बसते. ‘शाकाहारी’ म्हणून मिळणारी कॅप्सूल तर मुळात जिलेटिनची नसते. ती सेल्युलोजपासून तयार केलेल्या हायप्रोमेलोजची असते आणि हा पदार्थ जिलेटिनच्या अगदी उलट वागतो : थंड पाण्यात विरघळतो आणि पाणी बरेच तापले की त्यातून बाहेर पडून गढूळपणा आणतो. पूर्ण पारदर्शक, जिलेटिनचीच कॅप्सूल घ्यावी, प्रथम थोड्या गरम पाण्यात विरघळवावी, मग उरलेले पाणी घालून स्वच्छ कापडातून गाळावे. उकळत ठेवू नये, कारण फार उकळल्याने जिलेटिनची पकड कमी होते. दुसऱ्या दिवशी ते पाणी फेकून नवे करावे. शिळ्या जिलेटिनमध्ये जिवाणू वाढतात.

डागांचे कारण मात्र काचेच्या स्वच्छतेत शोधावे. खडूच्या अगदी बारीक पुडीचा पाण्यातला लेप कापसाने घासून काढावा, धुवावे, शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे. काच तिरकी धरून पाणी ओतले असता ते एकसंध पडद्यासारखे उतरले तर काच स्वच्छ झाली. कुठेही पाणी फाटून मागे सरकले, तर तिथे चिकटपणा आहे आणि तिथेच डाग पडणार. त्यानंतर काचेला बोट लावू नये. हे वाक्य मी स्वतःसाठीही लिहीत आहे.

वर्ख लावताना काचेवर पाणी भरपूर असावे, अगदी वाहते. खारीच्या केसांचा रुंद, चपटा कुंचला गालावर एकदा हलकेच फिरवला की त्वचेचा किंचित तेलकटपणा त्याला लागतो आणि वर्खाचे पान त्याला चिकटून उचलले जाते. पान काचेपासून अगदी थोड्या अंतरावर आले की पाणीच ते ओढून घेते. ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिले, त्यांना पान आपल्या हातून सुटले असे वाटते. पाणी अर्धवट वाळलेल्या जागी पान टाकले तर खाली हवेचे व पाण्याचे कप्पे राहतात, आणि आपल्या फिक्या डागांपैकी काही तेच असावेत. पाने एकमेकांवर काही मिलिमीटर चढवत जावे. देवनागरीत शिरोरेषेची लांब आडवी पट्टी असते आणि पानांचे सांधे नेमके तिच्यावर ओळीने दिसतात, त्यामुळे तिथे दुहेरी थर लागतोच.

लागलेले सोने आधी मळकट दिसते आणि वाळता वाळता उजळते, म्हणून ओल्या सोन्याकडे पाहून निर्णय घेऊ नये. पूर्ण वाळल्यावर मऊ कापसाने अगदी हलके घासावे आणि दुसरा थर लावावा. वर्खाची जाडी साधारण 0.1 मायक्रॉन असते. उजेडासमोर धरले तर त्यातून हिरवट प्रकाश पलीकडे जातो, इतका तो पातळ असतो, त्यामुळे एका थरावर भागवणे ही काटकसर नव्हे. दुसरा थर वाळल्यावर काच तिरकी ठेवून तिच्यावरून गरम पाणी सोडावे. जादा जिलेटिन विरघळून निघून जाते, सोने काचेला अधिक सपाट बसते आणि झळाळी डोळ्यांना जाणवण्याइतकी वाढते. काच आधी कोमट पाण्याने तापवून घ्यावी, नाहीतर तडा जाईल.

कडा सुटण्याचे कारण घाई. मागचा काळा रंग वरून कोरडा लागला तरी आत कच्चा असतो. जाड लावला असेल तर जास्तच. पातळ थर द्यावा, नीट कडक होऊ द्यावा, आणि जादा वर्ख काढताना कापूस ओला नव्हे, दमट असावा. पाणी कडेखाली मुरले की जिलेटिन फुगते आणि मग रंग सोन्याला घेऊन उठतो. पुसण्याची दिशा अक्षराच्या आतून बाहेर नसावी, कडेला समांतर असावी.

पाऱ्याबाबत माझे मत : सोने आधी, त्यामागे रंग भरून जादा वर्ख काढून टाकावा, आणि आरशाचा थर शेवटी. मी तसेच करत आलो आहे.

उत्तर — चांदीचा_थर

वरच्या उत्तरातील शेवटची दोन वाक्ये सोडून सर्व मान्य आहे. त्या दोन वाक्यांवर येण्यापूर्वी रसायनाची बाजू सांगतो, कारण क्रम त्यावरूनच ठरतो.

आपण अजूनही ‘आरशाचा पारा उडाला’ असे म्हणतो, पण आजच्या आरशात पारा नसतो. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा यांचे मिश्रण बसवत असत आणि ते काम करणाऱ्यांच्या शरीरात विष भिनत असे. 1835 मध्ये यूस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अल्डिहाइडच्या साह्याने चांदीच्या क्षारातून काचेवर चांदीचा चकचकीत थर उतरतो हे दाखवले, आणि पुढे त्यावरूनच आरसे बनू लागले. एका चौरस मीटरवर 1 ग्रॅम चांदी बसली तर थर सुमारे 95 नॅनोमीटर जाड होतो. म्हणजे आपला वर्ख आणि हा ‘पारा’ जवळपास सारख्याच जाडीचे आहेत.

कृती थोडक्यात अशी. वरीलप्रमाणेच स्वच्छ केलेल्या काचेवर स्टॅनस क्लोराइडचे पातळ, ताजे द्रावण फिरवून ती डिस्टिल्ड पाण्याने नीट धुवायची, आणि वाळू द्यायची नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने घातला की आधी तपकिरी साका होतो, आणखी थेंब घातल्यावर तो विरघळतो. द्रावण जेमतेम निवळले की तिथेच थांबायचे, कारण अमोनिया जादा झाला तर थर नीट बसत नाही. ग्लुकोजचे द्रावण वेगळ्या भांड्यात ठेवायचे आणि दोन्ही अगदी ओतायच्या क्षणी एकत्र करायची. काचेवर प्रथम तपकिरी, मग काळपट आणि त्यानंतर आरशाची छटा येते. साध्या नळाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे पांढरा गढूळपणा येतो, म्हणून सगळीकडे डिस्टिल्ड पाणीच हवे.

आता न टाळता येणारा इशारा. अमोनियायुक्त चांदीचे द्रावण ठेवून दिले तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो, आणि तो वाळला की नुसत्या हलवण्यानेही फुटू शकतो. द्रावण लागेल तेवढेच करावे, बाटलीत भरून कधीही ठेवू नये, काम संपताच उरलेल्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे, म्हणजे चांदी पांढऱ्या सिल्व्हर क्लोराइडच्या रूपाने खाली बसते. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग त्वचेवरून कित्येक दिवस जात नाहीत, आणि डोळ्यात गेलेला थेंब त्याहून फार गंभीर आहे.

क्रमाविषयी. या कामात काच तीन-चार वेळा भिजते. स्टॅनस क्लोराइडचे द्रावण आम्लधर्मी, चांदीचे क्षारधर्मी, आणि मध्ये धुण्याचे पाणी. सोन्याला यांतल्या कशानेही काही होत नाही, पण सोन्याखालचे जिलेटिन पाण्याचेच सोयरे आहे. ज्या कडेतून आपला रंग उठला, त्याच कडेतून हे सर्व आत शिरणार. म्हणून ओले रसायन आधी संपवावे आणि वर्ख नंतर लावावा, असे माझे म्हणणे आहे.

उत्तर — काच_कारागीर

आक्षेप योग्य आहे. माझ्या पाट्यांत ते निभावले, कारण मी मागचा रंग सोन्याच्या कडेबाहेर केसभर नेतो आणि त्यानंतर कित्येक दिवस काचेला हात लावत नाही. नवख्याने तेवढा संयम गृहीत धरू नये. पण चांदी आधी चढवली तर अक्षराच्या जागेवरून ती काढणार कशी, आणि तीही धारदार कडेने? भोवतालची पार्श्वभूमी रंगवून अक्षर रिकामे सोडणे हे अक्षर भरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

उत्तर — चांदीचा_थर

त्यावर उपाय किनारीचा. काचेवर समोरून जे सर्वांत पुढे दिसायचे ते मागच्या बाजूला सर्वांत आधी लावायचे असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा स्वच्छ काचेवर प्रथम अक्षराची दीड-दोन मिलिमीटर रुंद गडद किनार उलटी रंगवून पूर्ण कडक होऊ द्यावी. नंतर संपूर्ण काचेवर चांदी चढवावी; किनारीच्या पाठीवरही ती बसेल, पण समोरून दिसणार नाही. काच वाळल्यावर पार्श्वभूमीच्या चांदीमागे संरक्षक रंग द्यावा आणि त्याची कड किनारीच्या मध्यावर कुठेही थांबवावी. हात थोडा हलला तरी चालते, कारण खरी कड किनारीने आधीच आखलेली आहे. रंग कडक झाल्यावर अक्षराच्या आतली उघडी चांदी दमट कापूस आणि खडूच्या पुडीने घासून निघते. कोपऱ्यात अडलीच तर पातळ नायट्रिक आम्लाचा कापूस चालतो, मात्र हवा खेळती असावी आणि त्या टप्प्यावर स्पिरिट जवळही आणू नये. चांदी, नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आल्यास सिल्व्हर फुल्मिनेट हा आणखी एक स्फोटक पदार्थ होऊ शकतो. पाण्याने भरपूर धुवावे, मग अक्षराच्या आत वर्ख लावावा. वर्ख किनारीवर आणि पार्श्वभूमीच्या रंगावर चढला तरी बिघडत नाही. फक्त गरम पाणी सोडताना ते बेताचे गरम असावे, कारण शेजारी चांदीचा थर आहे.

उत्तर — मागची_बाजू

पार्श्वभूमी लहान असेल तर रसायनाच्या वाटेला न जाता पांढऱ्या वर्खाचा विचार करावा. चांदीचा वर्ख हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडतो, पॅलेडियमचा तसा काळवंडत नाही, आणि 12 कॅरटचे पांढरे सोने चांदीपेक्षा बरेच टिकते. पद्धत तीच, जिलेटिनचीच. पण मोठ्या पृष्ठभागावर पानांचे सांधे दिसतात, आणि आरसा म्हणून पाहणाऱ्याला ते पटकन खटकतात. प्रश्नकर्त्यांच्या पाटीला हे शोभेल असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर — उलटी_अक्षरे

कॅप्सूल पांढरी अपारदर्शक होती, आणि वेष्टन पुन्हा वाचल्यावर ती वनस्पतिजन्य असल्याचेही दिसले, म्हणजे दोन्ही दोष एकाच डबीत. पारदर्शक जिलेटिन कॅप्सूलने 10 सेंटिमीटरच्या तुकड्यावर दुहेरी थर लावून गरम पाणी सोडले. साय नाही. एक डाग आहे आणि त्यात माझ्या अंगठ्याच्या रेषा मोजता येतात.

किनार आधी रंगवण्याची रीत याच तुकड्यांवर करून पाहणार आहे. सर्व झाल्यावर मागून व्हार्निश द्यावे का?

उत्तर — काच_कारागीर

द्यावे, आणि ते रंगाच्या कडेबाहेर दोन मिलिमीटर मोकळ्या काचेवर जाऊ द्यावे, म्हणजे ओल कडेतून आत शिरणार नाही. पाटी चौकटीत बसवायची असेल तर काचेच्या खालच्या धारेशी पाणी साचून राहणार नाही अशी जागा ठेवावी, कारण आरशाचा थर काळा पडायला सुरुवात होते ती धारेकडून. पुसताना अमोनिया असलेला द्रव थेट काचेवर फवारू नये, कापडावर घ्यावा, आणि फक्त पुढच्या बाजूने पुसावे. अंगठ्याचा डाग असलेला तुकडा टाकू नका. व्हार्निश आणि नायट्रिक आम्ल यांची चाचणी त्याच्यावरच घ्या.